माझ्या हातचा चुना

लग्न होऊन उस्मानाबादला आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघर नंतर दाखवलं, चुन्याचं गाडगं आधी. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. आमचे हे तालुकदाराच्या कचेरीत कारकून. तंबाखू हे स्वतः आणत, पण चुना घरचाच लागे. दर पंधरवड्याला कळीचा चुना गाडग्यात टाकायचा, पाणी ओतायचं आणि लांब व्हायचं. रटरटून फुटला, निवला की फडक्यातून गाळायचा. कचेरीतली माणसं यांच्या डबीतला चुना मागून घेत आणि घरचा दिसतो म्हणत. हे मला येऊन सांगायचे आणि मी दोन दिवस त्याच मिजाशीत असायची.

निजामाचं राज्य होतं. कचेरीचं कामकाज उर्दूत चाले आणि उरलेलं सगळं तंबाखूत. एकानं चंची सोडली की चौघांचे तळवे पुढं येत. मळलेली चिमूट नाकारणं म्हणजे माणसालाच नाकारणं. हे सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत गालात चिमूट धरून असत आणि हनुवटी वर करून बोलत. मला वाटे, सरकारी माणसं अशीच बोलत असतील.

चार वर्षांनी यांच्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. तिखट सोसेना. आत्याबाईंनी दाराच्या उजेडात लेकाचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "चुन्यानं पोळलंय. लई तेज करतीस तू चुना."

मलाही ते पटलं. चुन्यानं तोंड पोळतं हे कुणाला ठाऊक नाही? तंबाखूचं नावसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही. आमच्याकडं दाढ दुखली तर तंबाखूच धरत. आत्याबाई स्वतः रोज तंबाखूची मिश्री लावत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्याशालाच वाटत होतं की चोरी आपण केली.

मी चुना सात पाण्यांनी धुतला. दुकान बदललं. साय घालून पाहिली. मुरूम गावच्या बाजारातून एका नातेवाइकाकरवी कळ्या मागवल्या. चट्टा फुटून जखम झाली. चुना सौम्य झाला म्हणून झणका कमी लागे, आणि झणका कमी म्हणून यांची चिमूट मोठी होई. पुढं तोंड दोन बोटांपुरतंच उघडू लागलं. मी भाकरी दुधात कुस्करून द्यायची. आडावर बाया विचारत, "चुना अजून तूच करतीस व्हय?" त्यात कुचकेपणा होता की नाही, देव जाणे. नवऱ्याला आपण आपल्या हातानं जाळतो आहोत, असं मला वाटे.

शेवटी मोटारीनं सोलापूरला गेलो. ते इंग्रजांच्या हद्दीत. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बऱ्याच वेळानं हे बाहेर आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"चुना बंद कर म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच."

परतताना हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर मोटार थांबली. जकात घेणाऱ्या शिपायानं आमची पिशवी उपसली, तर माझ्या लुगड्याखालून तंबाखूचे दोन पुडे निघाले. "सोलापूरची चांगली असती," हे म्हणाले. मला राग आला नाही. चुना बंद झाला म्हणजे माणूस बरा होणार, एवढंच मला कळत होतं. घरी येताच मी गाडगं उकिरड्यावर नेऊन फोडलं आणि गोडाचं केलं.

पुढं सहा महिने यांनी चुन्याशिवाय, कोरडी तंबाखू धरली. जखम गालाबाहेर आली. त्यातच रझाकारांचे दिवस सुरू झाले. मोटारी बंद पडल्या, गल्लीतली निम्मी घरं कुलपं लावून बार्शी-सोलापूरकडं गेली. आम्ही अशा माणसाला घेऊन कुठं जाणार? मी दिवसातून चारदा गालावरची फडकी बदलायची, उकळायची. वासानं शेजारी येईनासे झाले. जे येत त्यांना आत्याबाई सांगत, "सुनेच्या चुन्यानं केलं हे."

एका दुपारी आत्याबाई महादेवाला गेल्या होत्या. यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. बोलणं आता एकेक शब्द तोडून चाले.

"चुन्याचं काही नव्हतं. डॉक्टरनं तवाच सांगितलं. तंबाखूनं झालं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू सोडायला लावली असतीस. मला सुटली नसती."

हातातलं फडकं मी घमेल्यात आपटलं. मरायला टेकलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावले. वर्षभर साऱ्या गल्लीनं मला गुन्हेगार ठरवलं आणि ते सगळं हे पडल्या पडल्या ऐकत होते.

"आत्याबाईंना सांगा," मी म्हणाले. "एकदाच, माझ्यासमोर. मला दुसरं काही नको."

यांनी मान डोलावली.

दिवेलागणीला आत्याबाई आल्या आणि अंगारा लावायला यांच्या उशाशी बसल्या. मी दारात उभी राहिले. यांनी आईकडं पाहिलं. ओठ हलले. आत्याबाईंनी कान जवळ नेला.

"काय रं बाबा? काय पायजे?"

यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हात उचलून खुंटीवरच्या चंचीकडं बोट केलं.

आत्याबाईंनी चंची काढली. तळव्यावर चिमूट घेतली, काड्या वेचल्या, मऊ होईपर्यंत मळली आणि चांगल्या बाजूच्या ओठात अलगद ठेवली.

"चुना न्हाय लावला," त्या म्हणाल्या. "भिऊ नको."

बोलायला उघडलेलं तोंड मी मिटलं. त्याच आठवड्यात हे गेले. यांनी आईला का सांगितलं नाही, भीतीनं की मायेनं, ते मला आजही कळत नाही, आणि त्याबद्दल मी यांना पुरतं माफही केलेलं नाही. आत्याबाई पुढं अकरा वर्षं जगल्या आणि आल्यागेल्याला माझ्या चुन्याची गोष्ट सांगत राहिल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो मी खाल्ला. मी खरं सांगितलं असतं, तर त्या संध्याकाळी आपण लेकाच्या ओठात काय ठेवलं, ते त्यांना कळलं असतं.