एका टाकीपायी

ऑफिसात माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. त्या सकाळी मात्र मला साधं खरं बोलायला दहा मिनिटं लागली.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मोजून पंप चालू-बंद करायचा, असला आमचा प्रोग्राम. टीममध्ये एक नवी बाई आलेली. मुलासाठी सात वर्षं घरी बसून पुन्हा नोकरीला लागलेली, रोज डोंबिवलीहून शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून यायची. अजून प्रोबेशनवर होती.

टाकीकडून रीडिंग आलंच नाही तर काय करायचं, हे तिने आठ ओळींत नीट लिहिलेलं. कोड तपासायला माझ्याकडे आला. आमच्यात तपासणी चहा पिता पिता, तोंडी. मी म्हटलं, "अगं, कशाला एवढा पसारा? रीडिंग येतंच. सरळ अनरॅप कर." म्हणजे आकडा आहेच असं धरून चाल. नसला तर पॅनिक होतं, प्रोग्राम जागच्या जागी बंद पडतो. तिने मुकाट्याने ओळी काढल्या.

पंधरा दिवसांत एक सेन्सर बिघडला आणि त्या एका टाकीपायी सगळ्या सोसायट्यांचे पंप बसले. ऐन आंघोळीच्या वेळेला.

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "प्रोबेशनवरच्या बाईंचा कोड ना हा? मग कायम करायचं की नाही, बघायला लागेल." ती वहीत बघत बसली. मी सेन्सरवाल्यांच्या नावाने बोटं मोडत बसले. मग तिने चष्मा काढून पुसला, परत पुसला, आणि मला माझीच शिसारी आली.

"सर, तिने बरोबर लिहिलेलं. मी काढायला लावलं. चूक माझी आहे."

दुरुस्ती तिनेच केली. आठ ओळी परत घातल्या, वर प्रत्येक टाकीचं काम वेगळं केलं. आता पॅनिक झालंच तर तेवढाच पंप थांबतो, बाकीचे चालू राहतात. महिन्याभरात ती कायम झाली.

त्या दिवशी जेवताना मी तिला विचारलं, "बाई गं, त्या मीटिंगमध्ये तू का नाही बोललीस?"

"माझ्याकडे काय पुरावा होता, मॅडम?" ती डबा उघडत म्हणाली. "तुम्ही बोलताय का, बघत होते. बोलला नसतात तर राजीनाम्याचा मेल लिहून ठेवलेला."

तिने आपल्या डब्यातली भाजी माझ्या ताटात वाढली.