नलूमावशी आणि सतरा वर्षांनी आलेले पाहुणे

नलूमावशी आज सकाळी गेली, आणि मला सारखे किडे आठवतायत.

साधेसुधे नाहीत. सिकाडा.
सतरा वर्षं जमिनीखाली झाडाच्या मुळांचा रस पीत बसतात आणि मग एका मे महिन्यात सगळे एकदम वर येतात. लाखोंनी. महिनाभर गातात, जोडीदार शोधतात, अंडी घालतात, संपतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इथे, शिकागोकडे आले होते.

मी तेव्हा नुकतंच कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं. बाबा बोलत नव्हते. जिच्यात माझा जीव अडकलेला ती केतकी चार-पाच तासांवरच्या नोव्हाय गावी नोकरीला निघून गेली होती. मी सगळ्या जगावर चिडलेलो.

आई म्हणाली, "घरात आदळआपट करण्यापेक्षा नलूमावशीला डॉक्टरकडे ने-आण कर."

मावशी सख्खी नाही. इथल्या सगळ्या मराठी पोरांची मावशी. रिटायर्ड भूलतज्ज्ञ, एकटी राहायची, जुन्या वस्तीतल्या घरात. मागे हे भलंमोठं ओकचं झाड.

सिकाडांच्या दोन खेपा तिच्या त्याच अंगणात येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही हुकल्या. पहिल्या वेळी तिचा मुलगा अभिदादा लहान, तो किड्यांना घाबरायचा म्हणून खिडक्या बंद. दुसऱ्या वेळी ड्युटीवर ड्युटी.

"आयुष्यभर लोकांना झोपवलं रे," ती म्हणायची. "एकदा कुणाला तरी जागं होताना निवांत बघायचंय. आणि आता माझ्या हार्टचं बघता, या तिसऱ्या खेपेनंतर चौथी काही मला मिळत नाही."

तेवढ्यात कॅलिफोर्नियाहून अभिदादाचा फोन.
"आईला मे-जून माझ्याकडे ठेवतोय. तिकीट काढलंय."

मावशीचा चेहरा पाहिला आणि माझं डोकं सटकलं. फोन हिसकावलाच.

"दादा, ते सतरा वर्षांनी येतायत! तुझी गेस्टरूम काय पळून चाललीये?"
"कॉलेज सोडलेला पोरगा मला शिकवणार?"
"हो! शिकवणार!"

मावशी शांतपणे म्हणाली, "भांडून झालं की द्या इकडे." मग फोनवर, "अभि, तिकीट कॅन्सल कर. माझ्याकडे पाहुणे येणार आहेत."

पुढचे दोन आठवडे आम्ही पाकाचं थर्मामीटर ओकखालच्या मातीत खुपसून बघायचो. माती पुरेशी तापली की ते निघतात.

आणि निघाले यार!

एका संध्याकाळी अंगणाला बोटाएवढी भोकं पडली. त्यातून तपकिरी किडे रांगत बाहेर. झाडावर, कुंपणावर, मावशीच्या वॉकरवर. वॉकरवरच्या एकाची पाठ उकलली आणि आतून दुधासारखा पांढरा, लाल डोळ्यांचा जीव हळूहळू बाहेर आला. चुरगळलेले पंख उलगडत गेले.

मावशी पुढे वाकून बघत होती.
"उठला रे," एवढंच म्हणाली.

मग मला आतून निरांजन आणायला लावलं आणि झाडाला ओवाळलं.
शेजारची कॅरल कुंपणापलीकडून, "नलू, व्हॉट इज धिस?"
"गेस्ट्स, कॅरल. एवढ्या वर्षांनी आलेत. तसेच घरात घेऊ?"
दुसऱ्या दिवशी कॅरल लेमोनेड घेऊन बसायला आली.

आमच्या घरी मात्र आईने धसका घेऊन तुळशीला मच्छरदाणी घातली होती. एकही आला नाही! मक्याचं शेत उकरून बांधलेली आमची नवी कॉलनी, जुनं झाड नाही, तिथे सिकाडा कुठून निघणार? तुळस जूनभर नवरीसारखी झाकलेली. मावशी हसून हसून खोकली.

आवाज सुरू झाला तेव्हा बाजूच्याशी बोलायला ओरडावं लागायचं. मावशी रोज खुर्ची टाकून झाडाखाली. एका सिकाडाचं गाणं थांबलं की लगेच चुटकी वाजवायची, आणि तो खरंच तिच्याकडे चालत यायचा!

"नर हाक मारतो," ती ओरडून सांगायची, "मग गप्प बसून ऐकतो. मादीने पंख झटकले, एवढी चुटकीभर खूण, की पुढे सरकतो. तू आज केतकीला किती मेसेज केलेस?"
"सात-आठ."
"आणि गप्प कधी बसलास?"

बसलो मग. जिवावर आलं, पण बसलो.
काही दिवसांनी केतकीचा रिप्लाय आला, "आवाज खरंच एवढा मोठा आहे का?"
त्याच वीकएंडला ती ड्राइव्ह करून आली. मावशीने तिच्या तळहातावर एक सिकाडा ठेवला. ती किंचाळली, पण हात नाही काढला. मी तिथेच संपलो.

आत्ताही केतकी नोव्हायहून निघालीये. मावशीसाठी.

दुपारी अभिदादाचा फोन आला. त्या भांडणानंतर पहिलाच. मी सॉरी म्हणणार, तर तोच बोलायला लागला.

"आई तेव्हा रोज मला फोन करायची आणि काहीच बोलायची नाही. नुसता तो आवाज. पहिल्या दिवशी मी कट केला, म्हटलं लाइन खराब आहे."
"मग?"
"मग परत लावून ओरडली, 'अभ्या, ऐक! सगळे उठलेत!' आईला इतकं खूश मी कधी ऐकलं नव्हतं. बरं झालं तू ओरडलास माझ्यावर."

मावशी, तुझी खेप तुला मिळाली. पोटभर मिळाली.
आज रडतोय, पण तुझी आठवण काढली की हसूच येतंय.

तुला मनापासून नमस्कार.