फुकट सॉफ्टवेअरच्या शेपटीचे पैसे

रिसोडला स्टँडजवळ खोली घेऊन मी वेबसाइट बनवतो. शिकवणी वर्ग चालवणाऱ्या एका सरांचं काम हे माझं पहिलं मोठं काम. ते गेलं तर खोली सोडून गावी, रिठदला, परत जावं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

वेबसाइटचं मूळ सॉफ्टवेअर फुकट. जगभरातली माणसं ते लिहितात आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवतात. त्यावर ऑनलाइन परीक्षा घ्यायची तर एक जोडणी, म्हणजे प्लगइन, लागते. ती विकत मिळते, आणि त्या विक्रीवरच मूळ लिहिणाऱ्यांचं घर चालतं. मी तिचे पैसे सांगितले तेव्हा सर नुसते हसले. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह घेऊन आले. आत त्याच जोडणीची चोरलेली प्रत.

"हे टाक. मूळ फुकट, अन् शेपटीले पैसे? कोणाले येडं बनवून राह्यला बे?"

"सर, शेपटीले पैसे द्याल तवाच मूळ फुकट राहीन."

"तुले कमिशन भेटते काय त्यायचं?"

"नाई."

"मंग कायले एवढा पुळका? पाह्यलं तरी हाये का त्यायले?"

नव्हतं पाहिलं. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. फी भरून संगणक शिकणं शक्यच नव्हतं. गावच्या विहारातल्या अभ्यासिकेत एक जुना संगणक होता. त्यावर हेच सॉफ्टवेअर उघडून, मोडून, पुन्हा जोडून मी शिकलो. अभ्यासिकेला फी नाही. फक्त नोकरी लागलेल्याने पहिल्या पगारातून तिथे काहीतरी द्यायचं. पंखा, पुस्तकं, नाहीतर विजेचं बिल. विसरलेल्याला बाया रस्त्यात थांबवतात, "काहो साहेब, अभ्यासिकेले झाडू तरी आणला का?" फुकट गोष्टही कोणीतरी चालवावी लागते, हे मला तिथे कळलं. मग दूरदेशीच्या माणसांना वेगळा नियम का लावायचा?

मी पेनड्राइव्ह सरांच्या हातात परत दिला.

"इतलं इमान ठेवशीन त उपाशी मरशीन."

"मरीन तवा पाहू. चोरीचं मी लावत नाई."

सर गेले, काम गेलं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "ये मंग. हरभरा सोंगाले माणूस पायजेच होता."

गेलो. आमचा सोंगला, दुसऱ्यांचाही सोंगला, आणि त्या मजुरीवर खोली टिकवली. आता गिऱ्हाईक आलं की चहा सांगण्याआधी मी जोडणीचे पैसे सांगतो. काही जण तिथूनच उठतात. उठू देत.