टिकली लावलेली कॅसेट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका कॅसेटच्या फितीचा गुंता सोडवणं. ती ओसरीवर फीत दोन बोटांत धरून बसली होती आणि मी कॅसेटच्या भोकात पेन घालून फिरवत होतो. "हळू फिरवा जी, बंडी नाई हाकून राह्यले तुम्ही," ती म्हणाली. मी हळू फिरवलं. मग चहा झाला. चार दिवसांनी ती गेली. सत्तरी ओलांडलेल्या नवरा-बायकोनं असली कामं करावीत का, तर करू नयेत. पण माझी बायको हे साधं प्रकरण नव्हतं. राजुरा तालुक्यात भजन म्हणणाऱ्या बाया गल्लोगल्ली मिळतील. पंकवाल्या पोट्ट्यांचा धिंगाणा टेप करून धानात पुरून ठेवणारी बाई मात्र साऱ्या मुलखात एकच झाली, आणि ती माझ्या वाट्याला आली.

पंक म्हणजे कोणत्या तऱ्हेचं गाणं, ते मला आजही माहीत नाही. चौथी शिकलेल्या माणसाला ते कळावं अशी कोणाची अपेक्षाही नसावी. खदानीतल्या कामगारांची चार पोरं एक गिटार आणि लग्नाच्या बँडवाल्याकडून मागून आणलेला ढोल घेऊन सरावाला जागा मागत आमच्या दारात आली. कॉलनीतून त्यांना हाकललं होतं. आमचे बैल विकून झाले होते, गोठा रिकामा होता. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं गोठ्याची कडी काढून दिली. त्या दिवसापासून आमच्या कोंबडीनं अंडी देणं सोडलं. खदानीत दुपारी सुरुंग उडाला की आमच्या भिंतीला चीर पडायची. पोरांनी त्या चिरेवरच गाणं केलं आणि रोज पाच वेळा म्हटलं. मी म्हणालो, यांना सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही. ती म्हणाली, "सूर नाई, पण खोटं नाई ओरडत. तुम्ही चिरेसाठी तीन अर्ज दिले, कोणी आयकलं? हे तं आयकू येते."

अर्ज मीच लिहिले होते. माझं अक्षर पाहता ते कोणाला वाचताही आले नसतील.

मग तिनं माहेराहून मिळालेला टेप गोठ्याच्या खिडकीत ठेवला आणि घरात कायदा सुरू झाला. टेप चालू असताना कुकर लावायचा नाही. शेजारच्या गाईच्या घंटीत चिंधी कोंबायची. मला खोकला, म्हणून मी बोरीच्या झाडाखाली जाऊन बसायचं. गोठ्यात ती एकटी, तोंडावर पदर दाबून, कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत दगडासारखी बसायची. मी एकदा विचारलं, तू मधात दोन शब्द बोलत का नाहीस, निदान गाणं कोणतं ते सांग. "मी कायले बोलू? जागा वाया जाते," ती म्हणाली. पोरं गावोगावी वाजवायला गेली की ही पिशवीत टेप घेऊन मागे, आणि बॅटरीचे सेल घेऊन तिच्या मागे मी. लोक मला त्या बँडचा मालक समजायचे. मी नाकारलंही नाही.

कॅसेट भरली की ती तिच्या पाठीवरची प्लॅस्टिकची खिटी मोडून टाकायची. खिटी मोडली की टेपचं लाल बटण दबत नाही, म्हणजे वर दुसरं काही टेप होत नाही. मग पावसाची ओल लागू नये म्हणून कॅसेट पिशवीत गुंडाळून, कडुनिंबाचा पाला घालून धानाच्या कोठीत. एकदा मी न बघता पोतं भरलं आणि भातगिरणीवर नेलं. गिरणीवाल्यानं कॅसेट हातात धरून सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, हे कोणत्या जातीचं धान होय?" पुढचं वर्षभर मी लांबच्या गिरणीवर जात होतो.

एवढं जपूनही ती कोणालाच 'नाही' म्हणत नसे. मागेल त्याला दुसऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची, एसटीच्या कंडक्टरच्या हाती अहेरीपर्यंत पाठवायची. अट एकच: ऐकून काय आवडलं ते कळवायचं. तिकडच्या एका आश्रमशाळेच्या मास्तरांनी पोस्टकार्ड पाठवलं की मुलांना फार आवडलं, पण आता ती झोपत नाहीत. ते कार्ड तिनं देव्हाऱ्यात ठेवलं.

आता माझा गुन्हा. पोरांचा शेवटचा कार्यक्रम बाजाराच्या मैदानात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर झाला. मग जो तो पोटापाण्याला लागला. ती कॅसेट तिला सगळ्यांत प्यारी. पुढे गावात झाडीपट्टीचं नाटक बसलं आणि मला हवालदाराचा पार्ट मिळाला. वाक्यं दोन. ती भावाकडे गेली होती. आपला आवाज टेपमध्ये कसा येतो ते ऐकायची मला खाज सुटली, आणि कोरी कॅसेट घरात नव्हती. कोठीत हात घातला, हाताला लागली ती काढली. मोडलेल्या खिटीच्या भोकावर तिची मोठी मरून रंगाची टिकली चिकटवली, लाल बटण दबलं. पुसून काय गेलं ते नंतर ऐकलं, तर नेमकी तीच शेवटच्या कार्यक्रमाची निघाली, आणि कॅसेट टिकलीसकट कोठीच्या तळाशी पुरली. वीस वर्षं त्यावर बोललो नाही. तीही बोलली नाही. फक्त मांजर दूध सांडून पळालं की ती चुलीपुढून म्हणायची, "साहेब, आरोपी पळाला." मला वाटायचं, माझा पार्ट गावात गाजला आहे.

तेरवी झाल्यावर गाणारा पोट्टा आला. त्याच्या डोक्यावर आता केस नाहीत. अहेरीत मोटारपंप दुरुस्त करतो. म्हणाला, काकूच्या साऱ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतो, म्हणजे ज्याला पाहिजे त्याला ऐकता येईल. तो येणार कळताच मी कोठीच्या तळाची ती एक कॅसेट काढून, न बघता, पेटीत माझ्या धोतरांखाली लपवली होती. त्यानं सगळ्या मोजल्या, उलटसुलट पाहिल्या. "काका, शेवटची नाई दिसत. मले तं तीच पाह्यजे होती." मी म्हणालो, उंदरानं खाल्ली असन. तो बाकीच्या कॅसेटी छातीशी धरून बसमध्ये चढला.

मेलेल्या बाईच्या वस्तूपायी खोटं बोलणारा म्हातारा म्हणजे काय चीज असते, ते मी त्या दिवशी आरशात पाहिलं. दिवेलागणीला कॅसेट चुलीत घालायला काढली. भोकावर टिकली नव्हती. कोणीतरी नखानं काढून भोक स्वच्छ पुसलं होतं, म्हणजे त्यावर पुन्हा कोणाला टेप करता येऊ नये. डबीतल्या कागदावर तिच्या अक्षरात लिहिलं होतं: 'शेवटचा कार्यक्रम. मधात हे बोलले. पुसू नये.'

टेप लावला. पोरं बोंबलत होती. मग खट् झालं आणि एक घाबरट माणूस म्हणाला, "साहेब, आरोपी पळाला. आता काय करू, साहेब?" पुन्हा खट्, आणि पुन्हा पोरं. मी दोन्ही बाजू ऐकल्या. एवढ्या कॅसेटींत तिचा साधा खाकरासुद्धा नाही, आणि मी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस धरून अहेरीला गेलो. पोट्ट्याच्या दुकानात कॅसेट ठेवली आणि सांगितलं, उंदीर मीच. त्यानं कागद वाचला, टक्कल खाजवलं आणि कॅसेट लावली. कॉम्प्युटरवर घेताना ती पुरी वाजू द्यावी लागते. मी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून स्टुलावर बसलो. थोड्या वेळानं तो माझ्याकडे वळला. "काका, यात बाहेरचा आवाज नाई येत. खोकला तरी चालते."

मी मान हलवली. पण बाजू संपेपर्यंत दुपट्टा तोंडावरून काढला नाही.