अव्वाचा रिकामा तळहात

त्या दिवसांत मी देवावर रागावलेली होते, हे आधीच सांगून टाकते. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी राजेश्वर गावच्या शाळेत मुलींना शिकवत होते आणि घरात आम्ही दोघीच, अव्वा आणि मी. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या सीमेवरच्या घरांत मराठी आणि कन्नड एकाच ताटात वाढलेली, म्हणून आई ती अव्वा आणि थोरला भाऊ तो अण्णा. घर लिंगायत, बसवण्णांना मानणारं. गळ्यात इष्टलिंग, सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. वडिलांच्या आजारपणात अव्वानं रोज त्या तळहाताकडं बघत त्यांचं आयुष्य मागितलं, तरी ते गेले. तिचा नेम एक दिवस चुकला नाही. माझ्या गळ्यातलं लिंग मात्र तेव्हापासून नुसतं सवयीनं लटकत होतं.

राज्यांची फेररचना झाली आणि आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे एक नवल घडलं. सरकारी नोकरीतल्या अण्णाची बदली थेट समुद्रकाठी, कुमठ्याला झाली. तोवर आमच्या घराण्यात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी अव्वा म्हणाली, चल, अण्णाकडं जाऊ. भावकीतल्या बायका हसल्या. गळ्यात लिंग असताना कुमठ्याजवळच्या गोकर्णाची यात्रा कशाला, असं त्यांचं म्हणणं. अव्वानं तिथल्या तिथं उत्तर दिलं, "मी देव बघायला न्हाई जायले. देव हितंच हाय. पानी बघायला जायलेय." एकदा तिनं ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी तिला हलवू शकत नसे.

कुमठ्याला पोचल्यावर तिला समुद्राचं अक्षरशः वेड लागलं. अण्णा कचेरीत गेला की आम्ही दोघी स्टँडवर. समोर येईल त्या बसमध्ये चढायचं, समुद्र दिसला की उतरायचं. त्या किनाऱ्यावरच्या बसचा थाट निराळाच. टपावर मासळीच्या टोपल्या, खिडकीशी अबोलीचे गजरे माळलेल्या बायका, दर वळणावर कंडक्टरची दोरी आणि घंटी. पहिल्या दिवशी अव्वा नाकाला पदर लावून बसली. आमच्या घरात मासळीचं नावही घेत नाहीत. पुढं पदर नाकावरून खाली आला आणि ती शेजारच्या कोळणीशी गप्पा मारू लागली. आमचं कन्नड त्या लोकांना भांडल्यासारखं वाटायचं आणि त्यांचं आम्हाला गाण्यासारखं, पण दोघींचं बिनसत नव्हतं. प्रत्येक गावी ती वाळूत उतरायची, लाटेत गुडघाभर उभी राहायची आणि ओल्या पातळानिशी परत बसमध्ये बसायची. वडील गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. तिथं हसली.

एके दिवशी आम्ही बरंच लांब गेलो. वाटेत मोठी खाडी होती आणि तिच्यावर पूल नव्हता. बस काठापर्यंत जायची, माणसं नावेतून पलीकडं जायची आणि तिकडं दुसरी बस धरायची. आमचा नावाडी म्हातारा मुसलमान होता. तो कुणाशी तरी उर्दूत बोलला आणि अव्वाचे कान टवकारले. निजामाच्या मुलखात वाढलेली ती, दखनी तिला मातृभाषेसारखी. "कां के तुम?" कुठले तुम्ही, असं तिनं विचारलं आणि पलीकडचा काठ येईपर्यंत त्यांचं संभाषण थांबलंच नाही. निजामाच्या राज्यातली बाई समुद्र बघायला इतक्या लांब आली, याचं त्याला फार कौतुक वाटलं. पलीकडच्या गावाची वाळू बघून आम्ही दुपारी त्याच्याच नावेतून परत आलो आणि कुमठ्याच्या बसमध्ये बसलो.

कुमठं जवळ आलं असेल. अव्वानं सवयीनं छातीवर हात ठेवला आणि तो तिथंच थिजला. मी तिचा पदर बाजूला केला. चोळीत शिवदोऱ्याचं, लिंग गळ्यात बांधायच्या दोऱ्याचं, तुटकं टोक चिकटलं होतं. लिंगाचा चांदीचा डबा, ज्याला आम्ही चौका म्हणतो, तो नव्हता.

चूक कुठं झाली ते तेव्हाच कळलं. आमच्या मुलखात आंघोळीत भिजलेला सुती दोरा दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. त्याच्याकडं बघावं लागतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या किनाऱ्यावर काही वाळतच नाही. रोजचं खारं पाणी, रोजचा घाम, आणि दोरा आधीच जुना. तो ओलाच राहिला आणि कुजत गेला.

मी उठून घंटीची दोरी ओढली. बस थांबली. आम्ही बाकांखाली बघितलं, टोपल्या सरकवल्या, कंडक्टर बिचारा गुडघ्यांवर बसून शोधू लागला. काही मिळालं नाही. तिथून परतायला बस नव्हती, आणि संध्याकाळनंतर खाडीत नावही चालत नसे. आम्ही अण्णाच्या घरी आलो. वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. अव्वानं तो हातानं बाजूला सारला.

"लिंग न्हाई तर पानी न्हाई," ती म्हणाली.

ही आमच्या घरांतली जुनी रीत. लिंग अंगावर नाही तर अन्नपाणी नाही. किती वेळ? सापडेपर्यंत. अण्णा म्हणाला, घाटावरच्या मठात जाऊ, स्वामी नवं लिंग देतील. तिनं मान हलवली. आधी शोधायचं, जे होतं ते असेल तिथं तिची वाट बघत असेल, असं तिचं म्हणणं. अण्णानं हात जोडले, वहिनी रडली. मी भांडले. दगडासाठी जीव देतेस का, असंही बोलून बसले. ती चिडली नाही. "दगड आसंल तर न्हाई मिळायचा," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

सकाळी पहिल्या बसनं आम्ही दोघी निघालो. मी ठरवलं होतं की आज किनाऱ्याचा कण न् कण उपसायला लागला तरी चालेल, पण डबा घेऊनच परतायचं. तिनं पाणी प्यावं यासाठी मला तो हवा होता. देवाशी मला कर्तव्य नव्हतं. प्रत्येक थांब्यावर मी खाली उतरून विचारलं. चहावाला, गजरेवाली, टोपल्या उतरवणारे हमाल, कुणाला सोडलं नाही. खाडीच्या घाटावर कालचा म्हातारा नव्हता. त्याची नाव आज आलीच नाही, एवढंच इतरांना माहीत होतं. पलीकडं गेलो, दुसरी बस धरली, कालच्या वाळूत पोचलो. जिथं अव्वा उभी राहिली होती तिथं भरती येऊन गेली होती. आमच्या पावलांची खूणही नव्हती. मी गुडघ्यांवर बसून वाळू उकरू लागले. उकरावं तेवढं पाणी वर यायचं आणि खड्डा बुजून जायचा. ऊन वर आलं. अव्वाचे ओठ सुकून पांढरे पडले होते. बोलताना तिची जीभ टाळूला चिकटत होती.

समुद्राकडं बघून मी मनातल्या मनात वाट्टेल ते बोलले. हिचा नवरा नेलास, आता लिंगही नेलंस, आणि हिला काय मागायचं उरलंय, ते तरी सांग. एवढं पाणी समोर आणि माझी आई तहानेनं मरतेय.

परतीच्या बसची वेळ झाली. थांबा वरच्या रस्त्यावर होता. मी अव्वाला धरून चढ चढू लागले, पण तिचे पाय उचलेनात. वरून घंटीचा आवाज आला. मी ओरडले, हात केले. बस निघून गेली. पुढची थेट संध्याकाळी. माझं उरलंसुरलं बळ गेलं. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि लहान पोरीसारखी मोठ्यानं रडू लागले. सकाळपासून मी कंबर कसून धावत होते ना, ते सगळं तिथं संपलं.

"कामून रडायलीस?" अव्वा म्हणाली. "गाडी गेली तर जाऊ दे."

मग ती समुद्राकडं तोंड करून बसली, डोळे मिटले आणि डावा तळहात पुढं धरला. त्या हातात काही नव्हतं. रोज लिंगावर जशी दृष्टी लावायची तशी तिनं डोळे उघडून त्या रिकाम्या हातावर लावली. ओठ हलत होते. उजव्या हाताची बोटं फूल वाहावं तशी हलली. तहानेनं तिला भ्रम झाला असं क्षणभर मला वाटलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि कळलं, ती पूर्ण शुद्धीवर आहे. वडिलांच्या खाटेशेजारी बसून ती पूजा करायची तेव्हाही चेहरा असाच असायचा. मी रडायची थांबले. काय झालं ते मला सांगता येणार नाही. मीही हात जोडले आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. म्हटलं, माझ्यानं होईल तेवढं केलं, आता तू बघ.

थोड्या वेळानं तीच उठली. म्हणाली, किनाऱ्याकिनाऱ्यानं हळूहळू खाडीकडं जाऊ. माझ्या खांद्यावर भार टाकून, थांबत, सावली मिळेल तिथं टेकत ती चालत राहिली. पायवाट मोठ्या घाटाकडं गेलीच नाही. खाडीच्या मुखाशी, माडांच्या मागं, नावा दुरुस्तीला ओढतात तिथं ती निघाली. तिथं एक नाव वाळूवर कलती पडली होती आणि एक म्हातारा तिच्या फळ्यांच्या फटीत काथ्या ठोकत होता. त्यानं मान वर केली. हातातला हातोडा टाकला आणि धावत आला.

"अम्मा! कल से तुमकूच याद कर रा मैं!"

कालच संध्याकाळी त्याची नाव गळायला लागली होती, म्हणून त्यानं ती इथं ओढून आणली. पाणी उपसायला तळाची फळी काढली तर खाली चांदीचा डबा. गळती लागली नसती तर ती फळी त्यानं पावसाळ्यापर्यंत काढली नसती. डबा कुणाचा ते त्याला लगेच उमगलं. बोलता बोलता अव्वाचा हात सारखा छातीवरच्या त्या डब्याकडं जात होता, ते त्यानं पाहिलं होतं. सकाळीच नातवाला त्यानं घाटावर निरोप घेऊन पाठवलं होतं, पण तोवर आम्ही पुढं निघून गेलो होतो. डबा त्यानं उघडला नव्हता. गोड्या पाण्यानं धुऊन, स्वच्छ रुमालात बांधून, पाय लागणार नाही अशा उंचीवर माडाला टांगला होता.

त्यानं रुमाल सोडला आणि डबा माझ्याकडं केला. अव्वाच्या हाती द्यायला तो बिचकत होता. "तुम्हारी पूजा की चीज है, बेटी, तूच दे अम्मा कू," तो म्हणाला. मी हात पुढं केला. अव्वानं तो खाली केला आणि आपला डावा तळहात त्याच्यासमोर पसरला.

"नक्को. तुमेच रखो, भाई."

त्यानं दोन्ही हातांनी तो डबा तिच्या तळहातावर ठेवला. अव्वानं झाकण उघडलं. लिंग जसंच्या तसं होतं. तिनं ते कपाळाला लावलं आणि मग, मी सावरायच्या आत, वाळूत वाकून त्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो "या अल्ला, या अल्ला" करत मागं सरला, त्याचे डोळे भरून आले होते. पूजा तिनं तिथंच केली. नंतर त्याच्या मडक्यातलं पाणी मागितलं आणि ओंजळीनं पीत राहिली. घराबाहेरचं पाणी आयुष्यभर प्यायली नव्हती ती बाई.

घरी आल्यावर अण्णाला शंका आली. परक्या हातात राहिलेलं लिंग, मठात नेऊन शुद्ध करून घ्यावं का? अव्वा जेवत होती. घास हातात धरूनच म्हणाली, "दीक्षेत लिंग हातावर कोन ठिवतं रे? गुरूच ना? मग ठिवलं की त्यानं." अण्णानं तिच्या ताटात भाकरी वाढली.

मी आजही एखाद्या गोष्टीचा ध्यास घेतला की जिवाचं रान करते. तो स्वभाव अव्वाचाच. पण पाय थकतात तिथं आता मी भांडत नाही. हात रिकामा असला तरी पुढं धरते. त्यावर कुणी काय ठेवावं आणि कुणाच्या हातानं ठेवावं, हे मी ठरवत नाही. ज्यानं त्या दिवशी माझी आई मला परत दिली, त्याला या तळहातावरून रोज नमस्कार करते, आणि त्या म्हाताऱ्या नावाड्यालाही.