रांगोळीनं घासलेलं नाणं

आज सकाळी दुकानाच्या गल्ल्यात चिल्लर टाकताना एक नाणं वेगळंच वाजलं, बारीक आणि लांबत जाणारं. मी ते उचलून कड पाहिली. इथल्या आताच्या दहा सेंटच्या नाण्याला कडेला तांब्याची रेघ दिसते. याची कड सगळी पांढरी होती. म्हणजे जुनं, चांदीचं. माझ्या पर्समधले दहा सेंट गल्ल्यात टाकले आणि ते घेतलं.

अशी नाणी मी जमवते. गेल्या रविवारी जुन्या बाजारात त्यातलं एक नाणीवाल्या म्हाताऱ्याला दाखवलं, तर तो कळवळलाच. "अरेरे, घासलंत? त्या काळेपणाचीच तर किंमत होती!" मी नेहमीसारखी घाबरले. आठवीत शाळा सुटलेली मी. या देशानं पोटाला दिलं, ते विसरत नाही, म्हणून चुकलं म्हटलं की आधी माफीच मागते. तिथंही मागितली. परतताना हे म्हणाले, "तू आणि तुझी रांगोळी! आता तरी ऐकशील?"

नाही ऐकणार. आमच्याकडे चांदी काळी पडली, तर घरात कुणाचं लक्ष नाही असं समजतात. आईनं घासून घासून निरांजनाची नक्षी घालवली, पण ते काळं कधी दिसलं नाही. ज्याला विकायचंय त्यानं काळं ठेवावं. मला ते देवापुढं ठेवायचंय.

आजच्या नाण्याची कड तेवढी पांढरी, बाकी दोन्ही बाजूंनी ते काळंकुट्ट आहे. रांगोळीची वाटी काढलीय, आणि मुद्दाम ह्यांच्या चहाच्या कपाशेजारीच ठेवलीय.