चालायला लागेपर्यंत

तिला तिच्या सख्ख्या भावानं फसवलं. सिंदीत कोणी काहीही सांगो, मी तिथं उभी होते.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. डोक्यावरच्या एका टोपलीपासून मी मिरचीचा धंदा उभा केला होता आणि ती माझ्या अंगणात देठं खुडायला यायची. पोरगं निंबाला टांगलेल्या झोळीत, नाहीतर तिच्या कडेवर. ते खाली उतरायला धडपडायचं, ही पुन्हा वर ओढायची. इतर आया बोट धरून चालवतात. ही कोणी आलं की त्याचे पाय पदराखाली झाकायची. तुम्ही पाहिली आहे अशी आई?

एकदा मी हटकलंच. "त्याले चालू दे न, पोरी. पांगळा करतं का?"

"चालला का मले जा लागते, मावशी."

मग तिनं सगळं सांगितलं. बाळंतपणाला ती माहेरी आली होती. पोरगं चालायला लागलं की पाठवतो, अशी बोली भावानं सासरी केली होती. हा तिचा दुसरा. पहिलं अंगावर पीत असतानाच याचे दिवस राहिले, दूध आटलं आणि ते सुकत सुकत गेलं. "ह्याचं दूध मले तोडाचं नाई," एवढंच म्हणायची. सासूला कापूस वेचायला हात हवे होते आणि एका नातवावर तिचं भागत नव्हतं. नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती. दोन पोरांत अंतर हवं तर माहेर सोडायचं नाही, एवढाच उपाय तिच्या हातात होता.

मृग तोंडावर आला आणि भावाचा बैल लंगडला. तिचा थोरला दीर जोडी घेऊन दारात आला. म्हणाला, पेरणी होईस्तोवर बैल ठेवा, बाईला मात्र आज नेतो. भांडण ऐकून मी गेले, तर भावानं पोराला ओट्यावर उभं करून समोर गुळाचा खडा धरला होता. दोन पावलं टाकून ते तोंडावर पडलं.

"चालला का नाई? तुमीच पाहा," भाऊ म्हणाला. दीर हसला.

पोत्याचा वरचा थर दाखवून माल खपवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तसल्यांना मी अंगणात उभं करत नाही. मी भावाला म्हटलं, माझी जोडी ने, भाडं नको. जन्मात कोणाला असं म्हटलं नव्हतं.

"बाईमाणसाची जोडी वावरात आणली, त लोक हासतीन."

तिनं पोराच्या ओठावरची माती पुसली, त्याला कडेवर घेतलं आणि दिराच्या मागं स्टेशनकडे निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नव्हतं, असं सुईण म्हणाली. बाळही राहिलं नाही.

भाऊ अजून बाजारात येतो, सगळ्यांना रामराम करतो. मला म्हणाला, "देवाची मर्जी, मावशी."

देवाला मध्ये आणू नको. देव बोली करायला आला नव्हता. बोली तू केली, तूच मोडली. भर बाजारात चार लोकांपुढं उभा राह्य आणि सांग, काऊन मोडली?